झाकली मूठ विकत घेताना: सीलबंद स्पोर्ट्स कार्डं कुठून घ्यावीत, कुठून नाही

2024 चं टॉप्स सिरीज 1 बेसबॉल, म्हणजे टॉप्स कंपनीच्या बेसबॉल खेळाडूंच्या कार्डांचा त्या वर्षीचा पहिला संच, अमेरिकेत निदान पाच ठिकाणी सीलबंद विकलं गेलं: हॉबी शॉप म्हणजे कार्डांची खास दुकानं, टार्गेट-वॉलमार्टसारखी साखळी दुकानं, टॉप्सची स्वतःची वेबसाइट, ईबे आणि कार्ड शोमधली टेबलं. छापणारी कंपनी एकच, खेळाडूही तेच. तरी या खरेदींत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. कंपनीने त्या डब्यात नेमकं काय भरलंय आणि कारखान्यातून निघाल्यावर तो कोणाकोणाच्या हातांतून फिरलाय, या दोन गोष्टींवर तो ठरतो. न्यू जर्सी किंवा डॅलसमधली मराठी घरं मुलांच्या नादाने यात पडतात तेव्हा पहिला बॉक्स बहुधा किराणा आणायला गेलेल्या दुकानातूनच येतो. म्हणून सुरुवात डब्यांच्या प्रकारांपासून.

हॉबी बॉक्समध्ये 20 पॅक, प्रत्येकात 12 कार्डं, म्हणजे 240 कार्डं. एक हिट पक्की, म्हणजे खेळाडूची सही असलेलं कार्ड किंवा रेलिक. रेलिक म्हणजे जर्सीचा अथवा बॅटचा तुकडा बसवलेलं जाड कार्ड. या सिरीजमध्ये ती एक हिट बहुतेकदा रेलिकच निघते, सहीच्या आशेने हॉबी बॉक्स घेणाऱ्याने हे आधीच मनाशी धरावं. सही हवी असेल तर जंबो बॉक्स बघा: 10 पॅक, प्रत्येकी 40 कार्डं, एक सही आणि दोन रेलिक. जंबो महाग असतो, पण हिटमागे पडणारी किंमत काढून पाहिली तर अनेकदा तोच बरा ठरतो.

ब्लास्टर (छोटा डबा), हँगर (टांगायचा डबा), फॅट पॅक (जाड पॅक) हे साखळी दुकानांतले प्रकार. त्यांत सहीची हमी नसते. ब्लास्टरमध्ये अनेकदा ‘कमेमोरेटिव्ह’ रेलिक टाकलेलं असतं. ते कारखान्यात बनवलेलं पदक किंवा कापडी बिल्ला असतो, मैदानाशी त्याचा काडीचा संबंध नसतो. खऱ्या रेलिकचीही मागची बाजू वाचावी. ‘कोणत्याही विशिष्ट सामन्यातील नाही’ अशा अर्थाचं वाक्य छापलेलं असेल, तर ते कापड सामन्यात घातलेल्या जर्सीचंच आहे याची हमी नसते.

आता बेस सेटचा, म्हणजे सिरीजमधल्या साध्या कार्डांच्या पूर्ण संचाचा हिशेब. 2024 च्या सिरीज 1 चा सेट 350 कार्डांचा आहे. हॉबी बॉक्समधलं एकही कार्ड दुबार निघालं नाही असं धरलं, तरी 240 मध्ये 350 बसत नाहीत. त्यातून इन्सर्ट (बेस सेटबाहेरची खास कार्डं) आणि पॅरलल (बेस कार्डांच्याच वेगळ्या रंगातल्या आवृत्त्या) वजा करायचे. ज्याला फक्त सेट पुरा करायचाय त्याने सीलबंद बॉक्सच्या वाटेला जाऊच नये. दोन्ही सिरीज मिळून 700 कार्डांचा कंपनीचा तयार सेट निघतो, तो घ्यावा आणि मोकळं व्हावं. बॉक्स फोडण्याचे पैसे हे नशीब आजमावण्याचे पैसे, त्यात बचत शोधू नये.

पॅकवर मागे बारीक अक्षरात शक्यता छापलेल्या असतात, 1:24 अशा. अर्थ साधा, सरासरी 24 पॅकमागे एक. पण हा आकडा संपूर्ण छपाईवरचा आहे, तुमच्या एका बॉक्सला तो लागू होईलच असं नाही. शिवाय हॉबीचे आकडे वेगळे, जंबोचे वेगळे, ब्लास्टरचे आणखी वेगळे. यूट्यूबवर कोणी जंबोमधून मोठं कार्ड काढलं म्हणून ब्लास्टर उचलणाऱ्याचा हिशेब इथेच चुकतो. टॉप्सच्या सुवर्ण पॅरललवर वर्षाइतकीच संख्या असते, म्हणजे 2024 चं गोल्ड कार्ड 2024 प्रतींचं. मदर्स डेचं गुलाबी 50, मेमोरिअल डेचं कॅमो 25 आणि प्लॅटिनम एकच. कार्डावर हे आकडे चकाकत्या शाईत छापलेले असतात, पण दुर्मीळ म्हणजे महाग असं समीकरण नाही. अनोळखी राखीव खेळाडूचं 50 प्रतींचं कार्ड काही डॉलरांत पडून असतं, आणि एली दे ला क्रूझसारख्या रूकीचं, म्हणजे नवोदित खेळाडूचं, साधं पॅरललही भाव खातं.

हॉबी शॉप

आमचं माप असं: जवळ चांगलं हॉबी शॉप असेल तर बॉक्स तिथूनच घ्यावा, दोन पैसे जास्त पडले तरी. माल वितरकाकडून किंवा थेट कंपनीकडून येतो, हॉबी बॉक्सच्या केसमध्ये 12 बॉक्स असतात, आणि ओळखीचा दुकानदार तुमच्यासमोर केसची टेप कापतो. कारखान्याची टेप शाबूत असलेल्या केसमधून निघालेला बॉक्स, यापेक्षा मोठी खात्री या धंद्यात नाही. केस आधीच उघडी असेल तर सरळ विचारावं: या केसमधले किती बॉक्स गेले, दुकानात फोडलेल्यांतून काय निघालं? मोठी हिट निघाल्यावर उरलेले बॉक्स कोणी ‘गरम केस’ म्हणून विकत असेल, तर त्या बोलण्याला किंमत देऊ नये. निघालेली हिट निघून गेली, उरलेल्या बॉक्सची हमी तेवढीच राहते.

इथे एका बारकाव्यावर नजर हवी. 2024 च्या हॉबी बॉक्ससोबत एक सिल्व्हर पॅक मिळतो, जंबोसोबत दोन. प्रत्येकात 1989 च्या डिझाइनवर चकाकत्या क्रोम मुलाम्याची चार कार्डं. हे पॅक बॉक्सच्या आत नसतात. दुकानदाराने ते काउंटरवरून हातात द्यायचे असतात. दिले नाहीत तर बॉक्सचं सील शाबूत असूनही तुम्ही कमी माल घेतलेला असतो, आणि घरी गेल्यावर ते कळतही नाही. ऑनलाइन जाहिरातीत ‘एक सिल्व्हर पॅकसह’ असं लिहिलंय का ते तपासा. लिहिलं नसेल तर तो पॅक विक्रेत्याने वेगळा विकलाय असं धरूनच भाव करा.

सुटे हॉबी पॅक कुठेही घेऊ नयेत. गणित बघा. 20 पॅक, हिट एक. दुकानदाराने किंवा आधीच्या गिऱ्हाइकाने बॉक्समधून पॅक फोडायला घेतले, सातव्या पॅकमध्ये रेलिक सापडलं. उरलेले 13 पॅक काउंटरवरच्या ट्रेमध्ये येतात. दिसायला जसेच्या तसे, सील कारखान्याचं, कुठे छेडछाड नाही. मात्र बॉक्सची पक्की हिट आता त्यांत नाही. इथे कोणी फसवलं असं म्हणताही येत नाही, कारण सुट्या पॅकवर हमी कुठेच नसते, ती असते बॉक्सवर. प्रामाणिक दुकानदार हिट निघाल्यावर ट्रेवर तसं लिहितात किंवा सुटे पॅक स्वस्तात काढतात. जो सांगत नाही त्याच्याकडून बॉक्स घेतानाही दोनदा विचार करावा.

सुट्या पॅकची दुसरी भानगड वजनाची. साधं कार्ड साधारण 35 पॉइंट जाडीचं असतं, रेलिक त्याच्या दुप्पट-तिप्पट. म्हणजे रेलिक असलेला पॅक जाड आणि किंचित जड. सोनाराच्या छोट्या काट्यावर हा फरक सहज पकडता येतो, बोटांनी चाचपूनही कळतो. म्हणून काही कंपन्या साध्या पॅकमध्ये जाड कोरा पुठ्ठा टाकतात. सही पातळ स्टिकरवर असेल किंवा थेट कार्डावर केलेली असेल तर वजनाने पकडणं अवघड, त्यामुळे चाचपून काढलेल्या ट्रेमध्ये सही मिळण्याची शक्यता थोडी तरी उरते, रेलिकची जवळजवळ नाही.

साखळी दुकानं

टार्गेटने मे 2021 मध्ये स्पोर्ट्स ट्रेडिंग कार्डांची दुकानातली विक्री काही काळ थांबवली होती, कारण विस्कॉन्सिनमध्ये दुकानाबाहेरच कार्डांवरून मारामारी झाली. करोनाकाळातली ती तेजी आता ओसरलीय, कार्डं मांडणीवर परत आलीत, पण तिथल्या खरेदीचे दोन दोष तसेच आहेत.

पहिला चाचपणीचा. उघड्या मांडणीवरचे सुटे पॅक आणि हँगर दिवसभर कोणी ना कोणी दाबून बघतं. दुसरा जास्त गंभीर, परत आलेल्या मालाचा. एखादा माणूस ब्लास्टर घेतो, घरी खालचा गोंद अलगद सोडवतो, पॅक बदलून जुने किंवा फालतू पॅक भरतो, पुन्हा चिकटवून दुकानात परत करतो. काउंटरवरचा कर्मचारी डबा हलवून बघतो आणि मांडणीवर ठेवतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, तो दिवसभर टोस्टर आणि डायपरही परत घेत असतो. म्हणून ब्लास्टर उचलताना दोन्ही टोकांच्या पट्ट्या बघा. कारखान्याचा गोंद ठिपक्यांत, सरळ रेषेत आणि वाळलेला असतो. पट्टीची कड थोडी जरी फुगली असेल, पुठ्ठ्याचा वरचा कागद निघून पांढरे तंतू दिसत असतील, किंवा गोंद चकाकत असेल तर डबा जागेवर ठेवा. मांडणीच्या मागच्या रांगेतून, शेजारच्या चार डब्यांशी ताडून घेतलेला डबा त्यातल्या त्यात बरा. पावती जपून ठेवावी, ती नसेल तर तुम्हीच पॅक बदलून आणलेत असा संशय येतो.

जमेची बाजू इतकीच की छापील किमतीला मिळतं आणि काही पॅरलल फक्त रिटेल डब्यांतच असतात. दहा वर्षांच्या पोराच्या वाढदिवसाला ब्लास्टर उत्तम. गुंतवणूक म्हणून ब्लास्टर साठवणाऱ्यांबद्दल मात्र न बोललेलं बरं.

कंपनीची वेबसाइट, लिलाव, ब्रेक

थेट कंपनीकडून घेतलेल्या बॉक्सच्या सीलबद्दल शंका नसते, अडचण मिळण्याची असते. गाजणाऱ्या मालासाठी टॉप्सने सोडतीची पद्धत आणली. नाव नोंदवा, निवड झाली तर क्रेडिट कार्डावरून पैसे कापले जातात. पानिनी या दुसऱ्या कार्ड कंपनीने उलटा लिलाव वापरला: किंमत वरून सुरू होते, ठराविक वेळाने खाली येते, आणि माल संपण्याआधी तुम्ही किती थांबायचं ते तुमचं काळीज ठरवतं. पहिल्या तासात घेणारे हमखास जास्त देतात. परवाने कोणाकडे आहेत हेही घेताना बघावं, कारण एनबीएचा परवाना 2009 पासून पानिनीकडे होता आणि 2025-26 च्या हंगामापासून तो टॉप्सकडे गेला. टॉप्सचा कार्ड व्यवसाय फॅनॅटिक्स या क्रीडासाहित्य विकणाऱ्या कंपनीने जानेवारी 2022 मध्ये घेतलेला आहे. परवाना नसलेल्या बास्केटबॉल किंवा बेसबॉल मालावर संघाचं नाव आणि बोधचिन्ह नसतं, जर्सी कोरी दिसते, आणि पुनर्विक्रीत तो फरक ठळक पडतो.

ईबेवर विक्रेत्याचे गुण बघण्यापेक्षा तो दुसरं काय विकतो ते बघा. एकच माणूस त्याच उत्पादनाचे सीलबंद बॉक्स, सुटे पॅक आणि सुट्या हिट विकत असेल तर तो बॉक्स फोडतो हे उघड आहे. त्यात गैर काही नाही, फक्त त्याचे सुटे पॅक घेऊ नका. फोटो त्याच बॉक्सचा आहे का, सहाही बाजू दिसतात का, हे विचारा. पैसे मित्र-नातेवाइकांना पाठवायच्या पर्यायाने कधीही देऊ नका, त्यावर खरेदीचं संरक्षण नसतं. आणि पार्सल आल्यावर पत्त्याच्या चिठ्ठीपासून शेवटच्या पॅकपर्यंत एका दमात, न थांबवता व्हिडिओ काढा. सील फोडल्यावर केलेल्या तक्रारीला एरवी कोणी दाद देत नाही.

ब्रेक म्हणजे दुसऱ्याने कॅमेऱ्यासमोर बॉक्स फोडायचा आणि तुम्ही त्यातल्या एका संघाचे पैसे भरायचे. सगळ्या संघांच्या किमतींची बेरीज करून बॉक्सच्या बाजारभावाशी ताडून बघा, वरचा फरक ब्रेकरची कमाई. तो फरक किती सोसायचा हे ज्याचं त्याने ठरवावं, पण साधी बेस कार्डं पाठवणार का, दोन संघांतून खेळलेल्या खेळाडूचं कार्ड कोणाला जाणार, आणि तुमच्या संघाचं एकही कार्ड निघालं नाही तर काय, ही तीन उत्तरं लेखी असल्याशिवाय पैसे भरू नयेत. बॉक्स कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर गेला तर तो ब्रेक बाद समजावा.

सील वाचायचं कसं

डबा हातात घेऊन खिडकीच्या उजेडात तिरका धरा. कारखान्याचं पारदर्शक वेष्टन चारही कोपऱ्यांवर सारखं ताणलेलं असतं, सांधा सरळ असतो आणि एकाच केसमधल्या बॉक्सवर तो एकाच जागी येतो. घरगुती हीट गनने बसवलेलं वेष्टन कोपऱ्यांत सैल किंवा सुरकुतलेलं राहतं, काही जागी दुधाळ दिसतं, सांधा भलत्याच बाजूला असतो. हवा जायची बारीक छिद्रं असतील तर ती इतर बॉक्सशी ताडून बघा. अनेक नव्या बॉक्सच्या वेष्टनावर कंपनीचं चिन्ह छापलेलं असतं. साधं कोरं वेष्टन दिसलं तर त्याच वर्षाच्या त्याच मालाचे इतर फोटो काढून बघावेत. सर्वांत बोलका पुरावा वेष्टनाखाली असतो: पुठ्ठ्याच्या कडा घासलेल्या, कोपरे मऊ झालेले, पण वरचं प्लास्टिक नवं कोरं. डबा आधी उघडा फिरलाय आणि नंतर गुंडाळलाय, याशिवाय असं होत नाही.

जुना माल

इथे सगळे नियम उलटे होतात. 1980 च्या दशकातल्या वॅक्स पॅकच्या बॉक्सवर कारखान्याचं प्लास्टिक वेष्टन नसायचंच. मेणकागदाचे पॅक गरम करून चिकटवलेले, वर पुठ्ठ्याचं झाकण, बस्स. म्हणजे 1986 च्या फ्लीअर कंपनीच्या बास्केटबॉल कार्डांचा चकचकीत वेष्टनातला बॉक्स कोणी ‘फॅक्टरी सील’ म्हणून दाखवला तर ते वेष्टन नंतरचं आहे हे नक्की. त्या बॉक्समध्ये 36 पॅक, प्रत्येकात 12 कार्डं आणि एक स्टिकर. सेट 132 कार्डांचा, त्यात 57 नंबरला मायकेल जॉर्डन. हे कार्ड पीएसए 10 प्रतवारीत (पीएसए ही कार्डांची प्रतवारी करणारी कंपनी, 10 म्हणजे सर्वोच्च) जानेवारी 2021 मध्ये 7,38,000 डॉलरला गेलं. एवढा पैसा आत असू शकतो म्हटल्यावर मेणकागद इस्त्रीने सोडवून परत चिकटवणारे निघणारच. सोडवलेल्या पॅकवर मेणाचा डाग दोनदा पडलेला दिसतो, घडीची जुनी रेष नव्या घडीशी जुळत नाही.

अशा बॉक्ससाठी इंडियानातलं बेसबॉल कार्ड एक्सचेंज हे तपासणीचं नेहमीचं नाव. ते बॉक्स तपासून स्वतःच्या वेष्टनात गुंडाळतात. सीलबंद केसमधून स्वतः काढलेल्या बॉक्सवर तसा वेगळा उल्लेख असतो आणि त्याला जास्त भाव मिळतो, तो योग्यच आहे. पण शिक्का म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. यूट्यूबर लोगन पॉलने 35 लाख डॉलरला घेतलेली पोकेमॉनची केस त्यांनीच तपासलेली होती. जानेवारी 2022 मध्ये ती उघडली तेव्हा आत जी. आय. जो कार्डं निघाली. बाहेरून केस बघणाऱ्याला आतलं दिसत नाही, तज्ज्ञ असला तरी.

1987 ते 1993 च्या सुमाराचे बेसबॉल बॉक्स अजूनही स्वस्तात मिळतात, कारण त्या काळी छपाई बेसुमार झाली. मजेखातर फोडायला झकास, विकत मिळालेलं बालपण म्हणून घ्या. बिग फनच्या च्युइंग गममधली धावा आणि बळींची कार्डं जमवलेल्या पिढीला तो वास कळेल. जुन्या पॅकमधला गम मात्र तोंडात टाकू नका. गमशेजारच्या कार्डावर डाग असणार हे धरून चाला.

नव्वदच्या दशकातल्या चकाकत्या मुलाम्याच्या कार्डांना वेगळा रोग होतो. दमट जागी ठेवलेल्या पॅकमध्ये ती एकमेकांना चिकटून वीट बनते, सोडवताना मुलामा सालीसारखा निघतो. बॉक्स हलवून हे कळत नाही, म्हणून विक्रेत्याला त्याच ठेवणीतला एखादा पॅक फोडून दाखवायला सांगावं. 2000 नंतरच्या महागड्या बॉक्समध्ये रिडेम्प्शनची अडचण: सही वेळेवर आली नाही म्हणून कंपनीने कार्डाऐवजी कोड असलेली चिठ्ठी भरलेली असते आणि तिच्यावर मुदत छापलेली असते. मुदत उलटलेल्या बॉक्सची हमी असलेली सही निव्वळ कागदाचा तुकडा निघू शकते. घेण्याआधी त्या मालाच्या यादीत कोणाच्या सह्या रिडेम्प्शनवर होत्या ते शोधा आणि तेवढा भाव पाडून मागा.

भारतात मागवताना घोषित किमतीवरचं सीमाशुल्क आणि कुरिअरचा खर्च आधीच मिळवून बघा, ब्लास्टरच्या बाबतीत तो हिशेब क्वचितच जमतो. तपासणीत वेष्टन कापलं गेलं तर सीलबंद म्हणून पुढे विकता येत नाही, त्यामुळे न फोडता ठेवायचा बॉक्स येणाऱ्या-जाणाऱ्या माणसासोबत, कपड्यांच्या मधोमध आणि पावतीसह आणवलेला बरा. मुंबई, कोकण, गोव्यात पावसाळ्याआधी तो घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आत टाका आणि काटा 45 ते 50 टक्क्यांच्या आसपास राखा. क्रोम कार्डांत पुठ्ठा ओल धरतो, मुलामा धरत नाही, म्हणून ती धनुष्यासारखी वाकतात. फार कोरडं केलं तरी उलट्या बाजूला वाकतातच. पुड्या महिन्याने बघाव्यात, रंग बदलला असेल तर बदलाव्यात. डबा भिंतीला टेकवून किंवा जमिनीवर ठेवू नये, आणि बॉक्सवर बॉक्स तीनच्या वर रचू नयेत, खालच्याचे कोपरे दबतात.